गच्चीला कुलूप आणि माझ्या कैऱ्या

बायांनो, माझं डोकं अजून तापलंय. सकाळी पाच किलो कैऱ्या फोडून मीठ-हळद लावली, परात घेऊन गच्चीवर गेले तर दाराला कुलूप! सेक्रेटरी म्हणतो, "मावशी, टॉवरमध्ये वाळवण चालत नाही. बरं दिसत नाही."

अरे, ह्याच जागेवर आमची चाळ होती. तिथे वाळवणाला कोणी कधी नाक मुरडलं नाही. आज ऊन मिळालं नाही तर फोडी नासणार, वर्षाचं लोणचं गेलं.

तशीच खाली उतरले. त्याची गाडी उन्हात उभी होती. बॉनेटवर जुनी साडी टाकली आणि फोडी पसरल्या. धावत आला, "मावशी, माझी गाडी!"

म्हटलं, "गच्चीची चावी आण, लगेच उचलते."

आणली मुकाट. पण मला सांगा, घर आमचं, मग ऊन काय ह्याच्या बापाचं?