सविताची खालची सीट

गाडी वेळेवर आली असती तर यातला एकही किस्सा घडला नसता. पण पेणच्या फलाटावर सकाळची मेमू कधी येणार हे तिचं तिलाच ठाऊक नसतं, आणि वाट बघणाऱ्या माणसांना बोलायला काहीतरी लागतंच. बोलून बोलून किस्से इतके साठलेत, की घरी सांगायला गेलो तर बायको म्हणते, "ते फलाटावरच ठेवून येत जा!"

आम्ही चौघे पेण-पनवेलचे रोजचे पासवाले. म्हात्रे अण्णा एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहेत. ठाकूरताई नर्स. मुकादमभाई चष्म्याच्या दुकानात, ते तर रेवदंड्याहून पहाटेची एसटी पकडून येतात. आणि मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून. चौघांचं व्रत एकच: दुसऱ्याला तिकीट आपल्यापेक्षा स्वस्तात मिळता कामा नये! कोणी गावाला जाऊन आला की "प्रवास कसा झाला?" असं आमच्यात कोणी विचारत नाही. "कितीला पडलं?" हा पहिला प्रश्न. तो आकडा सांगतो, बाकीचे तिघे एकमेकांकडे बघतात. विश्वास कोणाचाच बसत नाही.

यंदा या सगळ्याला धार आली ती सवितामुळे. सविता ही अण्णांची एकुलती मुलगी, मडगावला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. तेव्हा सातव्या महिन्यात तिला घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रस्त्याने नको, रेल्वेनेच आणा आणि तिला खालचा बर्थ मिळेल असं बघा. अण्णांच्या जिवाला तोच घोर लागला होता. पण घोर कितीही असो, तिकीट स्वस्तच पाहिजे!

*

अण्णांचा संशय किती खोल जातो ते आधी सांगतो.

तीन महिन्यांचा पास एकदम काढला तर स्वस्त पडतो. आम्ही तिघे तोच काढतो. अण्णा मात्र दर महिन्याला खिडकीवर रांगेत उभे.

"अण्णा, तीन महिन्यांचा काढा की. पैसे वाचतील," मी म्हणालो.

अण्णांनी डोळे बारीक केले. "रेल्वे आपनहून पैसं सोडते? कशाला सोडंल? गाडी बंद करनार असतील, म्हनून आधी गोला करतायत!"

आम्ही खूप हसलो. नेमकी त्या दिवशी गाडी आलीच नाही, रद्द झाली. अण्णांनी आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं. ठाकूरताईंनी हळूच पर्स उघडून आपल्या पासवरची तारीख बघितली.

*

मुकादमभाईंची तऱ्हा वेगळी. एकदा भाभींना पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मोबाइलवर तिकीट काढलं तर चार पैसे सूट मिळते हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पण तेव्हा फलाटावर उभं राहून ते तिकीट निघत नसे. रुळांपासून लांब जावं लागायचं.

"मी इथे उभा आहे हे या मोबाइलला कुणी सांगितलं?" भाईंनी आमच्या तिघांकडे संशयाने बघितलं. मग भाभींना आमच्याजवळ उभं करून ते मोबाइल वर धरून निघाले. स्टेशनाबाहेर, रिक्षांच्या पलीकडे, वडापाववाल्याच्याही पुढे. तेवढ्यात गाडी आली आणि गर्दीच्या रेट्यात भाभी आमच्याबरोबर आत चढल्या. गाडी सुटली!

थोड्या वेळाने मला भाईंचा फोन आला. "तिकीट निघालं! पण हा काय इन्साफ झाला? मी पैसे भरून पेणात, आणि बेगम फुकटात पनवेलला!"

*

ठाकूरताईंच्या मिस्टरांनी परदेशातला एक व्हिडिओ बघितला. लांबचं तिकीट तुकड्यातुकड्यांत काढलं की स्वस्त पडतं म्हणे. तिकडे पडत असेल. आपल्याकडे उलटं आहे, जितकं लांबचं एकच तिकीट, तितका किलोमीटरला भाव कमी. पण व्हिडिओवाला गोरा होता, त्यामुळे मिस्टरांना शंका आली नाही.

कुडाळला लग्नाला जायचं होतं. मिस्टरांनी स्वतःची दोन तिकिटं काढली, पनवेल ते रत्नागिरी एक आणि रत्नागिरी ते कुडाळ दुसरं. बेरीज केली तर सरळ तिकिटापेक्षा जास्त! वर दोन तिकिटांच्या सीट दोन टोकांच्या डब्यांत.

"मग तुमचं काय झालं?" आम्ही ताईंना विचारलं.

"माझं काय व्हायचंय? माझा ह्यांच्यावर विश्वास नव्हता, मी माझं सरळ तिकीट काढलं होतं. रत्नागिरीला ह्यांचं तिकीट संपलं, ते बॅगा घेऊन उतरले. मी कूस बदलली!"

*

अण्णांच्या आईचं तर विचारूच नका. म्हाताऱ्या माणसांना तिकिटात सवलत होती तेव्हा ही आजी टीसीने न विचारताच त्याला वय सांगायची, आणि दर फेरीला ते दोन-तीन वर्षांनी वाढायचं. मग सवलत बंद झाली.

"आजी, आता वय किती?" मी विचारलं.

"आता कशाला फुकट म्हातारी होऊ?" आजी म्हणाली.

*

आता अण्णा आणि त्यांचा मोबाइल.

अण्णांची पक्की खात्री आहे की फोन सगळं ऐकतो. गिऱ्हाईक अडलेलं आहे हे त्याला कळलं की तो भाव वाढवतो. त्यामुळे सविताचा विषय निघाला की ते आधी फोन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालायचे, वर रुमाल टाकायचे आणि मग कुजबुजायचे, "मडगाव."

"अण्णा, अहो रेल्वेचं भाडं असं ऐकून वाढत नाही," मी सांगून बघितलं.

"तू इतक्या खात्रीनं कसा सांगतस? तुला काय मिलतं त्यांच्याकरनं?"

तर फोनला चकवायचं म्हणून अण्णा रोज भलत्याच गावाची गाडी बघू लागले. आज नागपूर, उद्या गोरखपूर. फलाटावर फोनला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलायचे, "मला तर बाबा गोरखपूरलाच जायचाय!" आणि एकदा बघता बघता बोट कुठेतरी पडलं आणि गोरखपूरचं तिकीट निघालं. पैसे गेले! रद्द करताना कापले ते वेगळेच.

आम्हाला वाटलं, आता अण्णा कपाळाला हात लावतील. अण्णांचा चेहरा मात्र फुललेला.

"बघ! त्याला खरं वाटलं का न्हाय?"

*

शेवटी सविताला आणायचा दिवस ठरला. तारीख जवळ येत चालली, सीट थोड्याच उरल्या. अण्णांनी काय करावं? फक्त स्वतःचं जायचं-यायचं तिकीट काढलं!

"आणि सविताचं?" ठाकूरताई ओरडल्याच.

"आधी माझं काढून बघितलं. मी म्हातारा मानूस, लुटला गेलो तर गेलो. आता दोन दिवस गप र्‍हायचं. फोनला वाटंल ह्याचं काम झालं, मंग भाव उतरंल. मंग सविताचं."

दोन दिवसांनी अण्णा फलाटावर आले ते पांढरेफटक पडून. सगळ्या सीट गेल्या होत्या, सविताला वेटिंग मिळालं होतं. फोन त्यांच्या हातात तसाच उघडा होता, पिशवीत घालायचंही सुचलं नव्हतं.

"दलालांनी उचलल्या! पोर सातव्या महिन्यात हाय माजी. कशी आनू तिला, उभ्यानं?" अण्णांनी फोन माझ्यापुढे धरला.

आम्ही तिघांनी दलालांना भरपूर शिव्या घातल्या. मुकादमभाईंच्या जरा जास्तच होत्या. मी हळूच भाई आणि ताईंकडे बघितलं. दोघेही गाडी कुठे दिसते का ते बघत होते, पण तोंडं गाडी येते त्याच्या उलट दिशेला होती.

त्याचं काय होतं, अण्णांनी दोन दिवस थांबायचं ठरवलं त्याच संध्याकाळी मी सविताचं तिकीट काढून तिला पाठवून दिलं होतं. "अण्णांना बोलू नकोस, ते कितीला पडलं विचारतील आणि महाग म्हणून रद्द करायला लावतील," असंही सांगितलं होतं. ठाकूरताईंनी तिच्याकडून डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागवून गरोदर बायकांच्या कोट्यातून खिडकीवरून काढलं आणि कुरिअरने धाडलं. भाईंनी मोबाइलवरून. प्रत्येकाने तिला तेच बजावलं, आणि प्रत्येकाला वाटलं की आपण एकट्यानेच पोरीची सोय केली!

पुढचं सविताने आम्हाला सांगितलं, परवा तिला भेटायला गेलो तेव्हा.

अण्णा रडवेले होऊन मडगावला पोचले. तिने तीन कन्फर्म तिकिटं पुढे ठेवली. अण्णांनी एकेक उलटंपालटं करून बघितलं, डोळे पुसले, आणि म्हणाले, "एकपन कॅन्सल करू नको. ऐन वेळेला कुठलं खोटं निघंल, काय नेम?"

तर सविता खालच्या बर्थवर पाय पसरून बसलेली, अण्णा समोर. टीसी आला. यादीवर बोट ठेवून तो थांबला. एकदा सविताकडे बघितलं, एकदा यादीकडे.

"सविता नाईक, वय सव्वीस. या डब्यात तीन आहेत. तिन्ही तिकिटं तुमच्याकडेच?"

"हो साहेब."

"मग बाकीच्या दोघी कुठे आहेत?"

सविताने पोटावर हात ठेवला.

"एक इथे आहे, साहेब. दुसरीचं डॉक्टर अजून काही बोलले नाहीत!"

टीसी हसत पुढे गेला. अण्णा मात्र पनवेल येईपर्यंत लेकीच्या पोटाकडे संशयाने बघत होते.