समुद्र डाव्या हाताला

आखातातल्या आमच्या ऑफिसची व्हॅन चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे. सिग्नलला गाडी थांबली तरी त्यांची बोटं स्टिअरिंगवर वाजत राहायची. सकाळी बिन महमूद या आमच्या वस्तीत माझी वाट बघताना ते एक नकाशा उलगडून बसत. कुणा जपानी इंजिनिअरचा तो गाडीत राहिला होता, त्याच्या लहानशा शहराचा. अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्रांवरून चाचांना सगळं पाठ होतं: स्टेशन, नदीवरचे तीन पूल, टेकडीवरचं देऊळ, मासळीबाजार, बंदर.

एकदा पाहिलं, तर देऊळ आणि बोटी डोक्यावर उभ्या. "चाचा, उलटा धरलाय," म्हणत मी नकाशा सरळ केला. त्यांनी तो परत फिरवला.

"ठाऊक आहे, भाऊ. सरळ धरला की समुद्र उजवीकडं जातो. आमच्या गावी तो मावळतीला. इथं अकरा वर्षं उगवतीला बघतोय, अजून चुकीच्या गल्लीत वळतो. कागदावर तरी जागेवर असू दे."

मग "यल्ला, चला" म्हणून त्यांनी गाडी काढली. कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर आलो तेव्हा सूर्य पाण्यातून वर येत होता. चाचांनी काचेवरची ऊन अडवणारी झापड खाली ओढली.