काचेतलं पाणी

मी टॉवेलचे काठ शिवते. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात बाई असली की बहुतेक हेच करते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते आमच्या शिलाईच्या खोलीच्या भिंतीपलीकडं. तिथं बॉयलर आहे. रंगखात्याला लागणारी वाफ तिथून जाते. आमच्या तेलुगू घरात बापाला नायना म्हणतात, आणि माझे नायना सव्वीस वर्षं त्या बॉयलरवर होते.

रोज सकाळी साडेआठला भिंतीपलीकडून फुस्स असा मोठा आवाज यायचा. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे हे दाखवणारी एक उभी काच असते, बोटाएवढी जाड. आमच्याकडचं पाणी क्षाराचं. काचेची खालची वाट क्षारानं बुजते, आणि मग आत पाणी कमी झालं तरी काचेत ते उभंच दिसतं. म्हणून नायना रोज खालच्या तोटीचा कॉक उघडायचे. जुनं पाणी वाफेसकट बाहेर, नवं पाणी आत. याला ते काच फुंकणं म्हणायचे. तो आवाज झाला की आम्ही बाया मशीनमध्ये दोरा ओवायचो. घड्याळाकडं कुणी बघायचं नाही.

नायना चौथी शिकलेले. बॉयलरवर सर्टिफिकेटवाला माणूस पाहिजे, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी शेठला बजावलं, तेव्हा सव्वीस वर्षं एका दिवसात पाण्यात गेली. तरी एक वाट होती. ज्यांना काम येतं पण कागद नाही, अशांची कामाच्या जागीच परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायची योजना निघाली होती. फॉर्म मी भरला. परीक्षा होईपर्यंत नायनांनी बॉयलरला हात लावायचा नाही आणि गेटच्या आतही यायचं नाही, असं ठरलं. पास झाले तर नोकरी राहणार, नाही तर घरी. त्यांच्या जागी टेंभुर्णीकडचा एक माणूस आला. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, बोलायला गोड, आणि सर्टिफिकेटवाला.

ते आठ दिवस मी नायनांना मास्तरणीसारखं पिळलं. मी पुस्तकातलं मराठी वाचून दाखवायचे, ते तेलुगूत समजून घ्यायचे आणि परत मराठीत बोलून दाखवायचे. सारखं आपलं स्वतःचं काहीतरी घुसडायचे. पुस्तकात असं नाही हो, मी ओरडायचे. विचारलं तेवढंच सांगा, कशाला हात लावू नका, पाहुण्यासारखं उभं राहा. ते मान हलवायचे. आणि रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत एकच विचारायचे, सकाळी काच फुंकली का त्यानं?

पहिले दोन दिवस आवाज आला होता. तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. मी मशीनवर दोरा हातात धरून बसून राहिले, शेजारची म्हणाली, काय गं, ओव की. मी ओवला. घरी आल्यावर नायनांना म्हटलं, फुंकली की. खरं सांगितलं असतं तर ते पुस्तक टाकून तसेच कारखान्यात धावले असते, शेठचा शब्द मोडला असता आणि परीक्षेलाच बसू दिलं नसतं. माझं डोकं तेवढंच चाललं. भिंतीला पाठ लावून काम करणाऱ्या आम्ही नऊ बाया होतो. ती भिंत दिवसभर कोमट असते. हिवाळ्यात आम्हाला तिचं कौतुक वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी नायना इस्त्रीचा शर्ट घालून आले. परीक्षक साहेब पुण्याचे, हातात टॅब. नायनांना मराठी वाचायला अडतं म्हणून मला शेजारी उभं राहायची परवानगी होती. टॅबवर चाळीस मिनिटं उलटी धावत होती. पहिले सात-आठ प्रश्न नायनांनी असे सांगितले की माझी छाती फुगली. मग साहेबांनी विचारलं, काचेत बघून सांगा, पाणी किती आहे. उत्तरं तीनच होती. भरलेलं, अर्धं, रिकामं.

पाणी अर्ध्यावर होतं. मलासुद्धा दिसत होतं. नायना काचेजवळ गेले आणि वाकून बघत राहिले. बॉयलर चालू असला की काचेतलं पाणी जरा तरी हलतं, श्वास घेतल्यासारखं खालीवर होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते पाणी हलत नव्हतं. रेष मारल्यासारखं थांबलेलं होतं.

नायनांनी माझ्याकडं बघितलं. इतके दिवस मी काय खोटं बोलत होते ते त्यांना त्या क्षणाला कळलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. आणि मी काय केलं? मी डोळ्यांनी खुणावलं, अर्धं म्हणा. देवाशप्पथ, खुणावलं. सर्टिफिकेट हातभर अंतरावर होतं.

"साहेब, हे पाणी खोटं हाय," नायना म्हणाले.

साहेब म्हणाले की तीनपैकी एक सांगा. टेंभुर्णीचा माणूसही मदत म्हणून बोलला, मामा, हाय की अर्धं, दिसतंय की. नायनांनी ऐकलं नाही. मला तेलुगूत एवढंच म्हणाले, "बायांना बाहेर काढ. पळवू नकोस, चालत काढ."

मी आठही जणींना बाहेर काढलं. लिंबाच्या झाडाखाली उभं केलं. परीक्षक साहेबही बाहेर आले, टॅब छातीशी धरून. आत नायना लोखंडी आकडीनं भट्टीतली जळती लाकडं बाहेर ओढत होते. मी दारातून बघत होते. मग त्यांनी काचेचा कॉक उघडला. काचेतलं पाणी एका झटक्यात निघून गेलं आणि परत आलंच नाही. नुसती कोरडी वाफ. टेंभुर्णीच्या माणसाचा चेहरा पांढरा पडला, तो पाण्याचा पंप चालू करायला धावला. नायनांनी त्याचं मनगट धरलं. तापलेल्या लोखंडावर आता गार पाणी सोडलं असतं तर बॉयलर फुटला असता, भिंत राहिली नसती. झाडापर्यंतसुद्धा काही राहिलं नसतं. तो तिथंच खाली बसला.

बॉयलर निवायला संध्याकाळ झाली. चाळीस मिनिटं केव्हाच संपली होती, टॅबवरची परीक्षा आपोआप बंद झाली होती. साहेब भले माणूस होते. म्हणाले, आज मामा नसते तर आपण कुणीच नसतो, पण हे लिहायला ह्यात जागा नाही. उरलेल्या प्रश्नांना शून्य. हातमोजे न घालता आग ओढली त्याचे गुण कापले. निकाल आला, अनुत्तीर्ण. पुढची बॅच आली की परत बसा म्हणाले. बॅच अजून आलेली नाही.

शेठनं नायनांचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. नारळ दिला म्हणजे काय, ते आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टेंभुर्णीचा माणूस त्यांच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. कागद त्याच्याकडं आहे.

महिनाभर काच रोज फुंकली गेली, कधी दोनदा. मग एक दिवस आवाज आला नाही. मी खोटं बोलणार नाही अशी शपथ घेतली होती, म्हणून नायनांचा फोन आल्यावर खरं ते सांगितलं. ते चालत आले. वॉचमननं त्यांना दंड धरून गेटबाहेर केलं, सगळ्या बायांच्या देखत. शेठ मला म्हणाले, तुझ्या बापाला आवर, नाही तर तूही घरी बस. आवाज त्या दिवशी अकरा वाजता आला. मी भिंतीकडं बघत शिवत होते, सुई बोटात गेली.

आता नायना रोज पावणेनऊला फोन करतात. दुसरं काही विचारत नाहीत.

"आला का?"

"आला."

आज आला नाही. कालही नव्हता. टेंभुर्णीवाल्याला मी जाऊन सांगितलं, तो म्हणाला, करतो ताई, पाणी हाय की अर्ध्याला. मग मी माझं मशीन सरकवत दाराजवळ आणलं. उजेड बरा पडतो म्हणून सांगितलं. बाकीच्या आठजणींची मशीनं अजून भिंतीलाच आहेत.