चिंच आणि माझी चाल

परवा नात मीठ लावून कच्ची चिंच खात होती. त्या वासानं मी साठ वर्षांमागच्या समुद्रपूरच्या एका मांडवात जाऊन पोचलो.

आमचा ऑर्केस्ट्रा फोडून गेलेला रामा तिथं ट्रम्पेटवर मी बांधलेली चाल स्वतःची सांगून वाजवत होता. मी पुढ्यात बसलो आणि त्याच्याकडे बघत चिंच चोखू लागलो. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ट्रम्पेट फुसफुसला, मांडवभर हशा पिकला.

"काऊन छळून राह्यला बे?" तो रडवेला झाला.

"चाल माही आहे," मी म्हटलं.

तेव्हा वाटलं होतं, उट्टं निघालं. कसलं निघतंय! परवा मी या आठवणीत असतानाच म्हातारा रामा नेहमीसारखा घरी आला आणि "माही चाल" म्हणत नातीला तीच शिट्टीवर ऐकवू लागला.

मी तिच्या हातातली चिंच घेतली आणि त्याच्या पुढ्यात जाऊन बसलो.