उलटून गेलेली तारीख

कुंडीसाठी कोकोपीट भिजवलं की त्या वासाने मला भिवंडीच्या या घरातली एक जुनी सकाळ आठवते. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हा त्याने पाळलेली परदेशी अजगराची मादी माझ्याकडे आली. तिची अंडी घालायची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. मी तिच्या पेटीत ओलं कोकोपीट घालायचे, तापमान लिहायचे, धक्का लागू द्यायचे नाही. त्या दिवशी आमची कामवाली बाई, मूळची अकलोलीकडची, पेटीपाशी खाली बसून फरशी पुसत होती. "हळू गं, तिचे दिवस भरलेत," मी म्हणाले. ती हसली, "माझं पन दिस भरलं, ताई. नर्सबाईनं दिल्याली तारीख सोमवारीच गेली. मला कोन हळू म्हनतंय?" तिचं पोट मला दिसत नव्हतं असं नाही, 'बदली बाई शोधणे' हे मी महिन्यापूर्वीच यादीत लिहिलं होतं. तिला ऊठ म्हणायचं सोडून मी विचारलं, "मग बदलीला उद्यापासून पाठवशील?" "पाठवते की," म्हणत तिने उरलेली फरशी पुसली. दोन दिवसांनी अजगराने सहा अंडी घातली आणि मी मुलाला लगेच फोटो पाठवले. तेव्हा कामवालीने पाठवलेली बदली बाई अजूनही येते. त्या पहिल्या बाईला मुलगा झाला की मुलगी, हे मी हिला तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायची लाज वाटते.