एकेरी तिकिटाचे साडूभाऊ

पाहुणा म्हणूनच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझाच साडू निघाला. बाकीची माणसं अधूनमधून पाहुणी होतात, दोन-चार दिवस राहतात आणि आपल्या घरी परतून पुन्हा यजमान होतात. आमच्या साडूभाऊंना हा उलटा प्रवास जमलाच नाही. देऊळगाव राजात त्यांचं दोन खोल्यांचं चांगलं पक्कं घर होतं, पण माझी थोरली मेहुणी तायडी, म्हणजे त्यांची बायको गेली, त्यानंतर ते त्या घरात सलग आठ दिवस राहिल्याचं कुणाला आठवत नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अडवणारंही कुणी नव्हतं. पेशाने इंग्रजीचे मास्तर. क्लासला दोन दिवसांची सुट्टी दिली रे दिली, की घराला कुलूप लावायचं, एक बारकी कापडी पिशवी घ्यायची, स्टँडवर जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसायचं आणि त्या गावात आपलं कोण राहतं ते बसल्यावर आठवायचं, असा त्यांचा क्रम. मेहकरची गाडी लागली की ते आमच्याकडे येत. आणि अनुभवाने सांगतो, मेहकरच्या गाड्या फार.

त्यांचं येणंही साधं नसे. आधी दाराबाहेर चपला काढायच्याच नाहीत. "नाई, बसत नाई सुमन, उभ्या उभ्या आलो होतो. म्हनलं, दिसून जावं." माझी बायको म्हणायची, "आता आले तं जेवून जा ना, भाऊजी." त्यावर, "नाई नाई, घरून खाऊनच निघालो." घरी स्वयंपाकाचा गॅस महिन्यात कितीदा पेटायचा ते आम्हाला ठाऊक होतं, पण ती पुन्हा आग्रह करायची, ते पुन्हा नको म्हणायचे, आणि चौथ्या खेपेला हात धुवायला मोरीकडे वळायचे. उभ्या उभ्या आलेले साडूभाऊ मग आठ-दहा दिवस बसत. तेवढ्यात ते आमच्या पोळपाटाचा डुगडुगणारा पाय ठोकून बसवत, तूर निवडत, माझ्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून ब्लाऊजपीस घ्यायला आलेल्या बायांना मुलांच्या शिक्षणाबद्दल सल्ले देत. बाया सल्ले घेऊन जात, ब्लाऊजपीस राहून जात असे.

जाणार कधी, हे मात्र त्यांना विचारायची सोय नव्हती. एकदा मी न राहवून म्हटलं, "साडूभाऊ, यंदा मुक्काम किती दिवस?" घास हातातच राहिला त्यांचा. म्हणाले, "साडूभाऊ, पाहुन्यानं आल्याआल्या जायाची गोष्ट काहाडू नये, आन घरधन्यानं तं इचारूच नये. परतीचा दिवस सांगनं म्हंजे ज्याच्या घरी आलो त्याच्या तोंडावर कडी लावनं झालं." त्या जेवणात ते पुढे बोलले नाहीत, आणि माझी बायको त्यापुढचे दोन दिवस बोलली नाही. निघायचीही त्यांची रीत होती. सकाळी अंघोळ करून, पिशवी काखेत मारून ते ओसरीवर उभे राहत. अशा वेळी घरच्यांनी पिशवी ओढून घ्यायची आणि म्हणायचं, "आज काऊन? आज राहा, उद्या जा." तशी ही पद्धत आमच्या भागात घरोघरी आहे. पण इतर लोक तिला पद्धत समजतात, साडूभाऊ तिला खरं समजत. पिशवी ओढली की ते राहत. त्यामुळे पिशवी किती जोरात ओढायची याचा अंदाज घ्यायला मी फार उशिरा शिकलो.

नात्यातलेच लोक लागत असंही नाही. एकदा जालन्याहून येताना शेजारच्या सीटवर दुसरबीडचा एक पंक्चरवाला बसला होता. गप्पा झाल्या, गाव आलं, उतरता उतरता तो रिवाजाप्रमाणे म्हणाला, "या सर, चहा घेऊन जा घरी." झालं. साडूभाऊ त्याच्यामागोमाग उतरले. तिसऱ्या दिवशी मला त्या भल्या माणसाचा फोन. "भाऊ, तुमचे सर आमच्या घरी हायेत. तसं काई नाई, मानूस लाख हाये, लेकराईले तं लळा लागला. फक्त आमी उद्या निकाहले चाललो मेव्हन्याच्या, म्हनून म्हनलं कळवावं." मी कपाळावर हात मारला. पण साडूभाऊ त्या निकाहलाही गेले, पहिल्या पंगतीत बसले आणि डोक्याला बांधलेला रेशमी फेटा तसाच ठेवून थेट मेहकरला उतरले. त्या घरचा थोरला मुलगा जावेद तेव्हा बारावी करून रिकामा बसला होता. दुसऱ्याच आठवड्यापासून तो रोज बसने देऊळगावला साडूभाऊंच्या क्लासला येऊ लागला.

तो क्लास बघण्यासारखा होता. खताच्या दुकानावर एक पत्र्याची खोली, खालून युरियाचा वास, आणि वर फळ्यावर पहिला धडा. इतर मास्तर 'माझं नाव अमुक' इथून सुरुवात करतात. साडूभाऊंच्या मते स्वतःचं नाव आधी सांगणारा माणूस आगाऊ. त्यांचा पहिला धडा चहाचा. एकाने यजमान व्हायचं, एकाने पाहुणा. यजमानाने इंग्रजीत म्हणायचं, बसा, चहा घ्या. पाहुण्याने इंग्रजीत नको नको म्हणायचं, आताच झाला, बरं अर्धाच कप द्या, आणि मग घरातल्या प्रत्येकाची तब्येत, सोयाबीनची स्थिती आणि म्हशीचं दूध विचारल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. "भाषा म्हंजे काय बे?" ते पोरांना म्हणत. "दुसऱ्याच्या घरात शिरायची वाट. आत शिरता आलं तं व्याकरण मागून येते." व्याकरण पुष्कळांचं मागूनही आलं नाही. पण जावेद पुण्याला कपड्याच्या कारखान्यात मुलाखतीला गेला आणि साहेबाने पाणी पुढे केल्याबरोबर त्याने शिस्तीत साहेबाच्या आईवडिलांच्या तब्येतीपासून सुरुवात केली. साहेबाचे वडील नेमके दवाखान्यात होते. अर्धा तास साहेब बोलत होता, हा हूं हूं करत होता, आणि शेवटी साहेबाने विचारलं, "कधीपासून येतोस?" पुढे त्याच कारखान्याने त्याला सुपरवायझर करून कंबोडियाला पाठवलं.

इकडे क्लास हळूहळू ओस पडला. गावोगाव इंग्रजी शाळा झाल्या, पोरांच्या हातात मोबाइल आले, आणि चहाच्या अर्ध्या कपासाठी कुणी जिना चढेना. खताच्या दुकानदाराने गोडीगुलाबीनेच सांगितलं की खोलीत बियाण्याच्या थैल्या ठेवायच्या आहेत. तेव्हापासून साडूभाऊंचं फिरणं फार वाढलं, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांच्या घरात त्यांची थोडी अडचणही होऊ लागली. लोकांची पोरं मोठी झाली होती, खोल्या तेवढ्याच होत्या. पिशव्या ओढणारे हात सैल पडत चालले होते, आणि हे त्यांना कळत नसेल असं म्हणायला मी धजणार नाही. अशात जावेदचा फोन आला. त्याच्या कारखान्याशेजारच्या गावात एक लहान शाळा होती, तिला इंग्रजीचे मास्तर हवे होते. तो म्हणाला, "सर, तुमी या." एवढंच. जालन्याहून आलेल्या माणसाला दुसरबीडला उतरवायला जेवढे शब्द पुरले होते, तेवढेच कंबोडियाला पुरले.

आमच्याकडे गोंधळ उडाला तो जाण्यावरून नाही, तिकिटावरून. साडूभाऊंनी एकेरीच तिकीट काढलं. विमानाचं परतीचं तिकीट नसलेला माणूस आमच्या घराण्यात कुणी पाहिला नव्हता, खरं तर विमानाचं तिकीटच कुणी पाहिलं नव्हतं. आमचे सासरे ऐंशीच्या घरात, ते काठी आपटून म्हणाले, "अरे, नेऊन इकतीन तुले!" माझ्या बायकोने डोळ्याला पदर लावला. मी समजुतीच्या स्वरात सांगितलं, विमानतळावर विचारतात, परतीचं असलेलं बरं. ते माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, की जणू मी काहीतरी ओंगळ बोललो होतो. "साडूभाऊ, अजून त्या लोकाईच्या दारात पाय नाई ठेवला, अन आधीच निघायचा बेत दाखवू? काय म्हनतीन ते? हा मानूस राहाले आला का पळाले?" निघताना त्यांनी मुख्याध्यापकांच्या मानपानासाठी टॉवेल, टोपी आणि एक नारळ घेतला. ज्या देशात रस्त्याच्या दुतर्फा नारळ लागतात, तिथे एक नारळ जालन्याहून गेला. मुख्याध्यापक ही बाई आहे हे जावेदने सांगितलं तेव्हा टोपीची घडी पिशवीत तळाला गेली आणि वर खण आला.

तिथल्या विमानतळावर व्हायचं तेच झालं. ही हकिकत त्यांनी आम्हाला नंतर फोनवर सांगितली, आणि आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून ऐकत होतो. "तो साहेब म्हने, किती दिवस राहनार? मी म्हनलं, ते मी कसं सांगू, तुमी सांगा. तो म्हने, परत कधी जानार? मी म्हनलं, साहेब, आत तं येऊ द्या. मंग तो तिकीट मागे. म्या त्याले आपली सारी रीत समजावून सांगतली, इंग्रजीत. त्याच्या मायबापाची तब्येत बी इचारली." इथे मी हसून लोळायचा बाकी राहिलो होतो. साहेबाने मात्र त्यांना उचलून बाजूच्या एका खोलीत बसवलं. सोबतचे सगळे प्रवासी निघून गेले. साडूभाऊ बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. परतीच्या विमानात बसवणार, असं कुणीतरी बोलल्याचं त्यांच्या कानावर आलं.

"मंग?" मी विचारलं. मग ते म्हणाले, "मंग काई नाई. मी तिथं बसून इचार करत होतो, यायनं परत पाठवलं तं जाऊ कोठी? देऊळगावच्या घरात तं तायडी नाई. बाकी सारी घरं जाऊन झाली." माझं हसू जागच्या जागी थांबलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही.

सुटका केली ती त्या मुख्याध्यापिका बाईंनी. त्या आणि जावेद बाहेर केव्हाचे उभे होते. साहेबाने शेवटी शाळेचा नंबर लावला, तर फोन बाहेरच वाजला. बाईंचा आवाज असा चढला, की घरच्या पाहुण्याला दारात ताटकळत ठेवल्याबद्दल एखादी मालकीण गड्याला झापते आहे असं वाटावं. साडूभाऊंना त्यातलं अक्षर कळलं नाही. शिक्का बसला, ते बाहेर आले, आणि त्यांनी सगळ्यात आधी जावेदला विचारलं, बाई काय म्हणाल्या? जावेद म्हणाला, "सर, त्या म्हनल्या, हे आमचे सर हायेत, आन आमी यायले वर्षभर तरी कोठी जाऊ देत नाई." तिथेच, सामानाच्या गाड्यांच्या गर्दीत, त्यांनी बाईंच्या हातात खण-नारळ दिला. बाईंनी नारळाकडे जरा नवलाने पाहिलं म्हणतात, पण घेतला.

त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. बाईंनी वर्ष संपल्यावर पुन्हा वर्षभर जाऊ दिलं नाही. दर रविवारी साडूभाऊंचा व्हिडिओ फोन येतो. कधी पाठीमागे त्यांची शाळेतली पोरं असतात, गोल चेहऱ्यांची, हसरी, आणि मी फोनवर दिसलो की सगळी एका सुरात माझ्या आईवडिलांची, दुकानाची आणि पिकापाण्याची इंग्रजीत चौकशी करतात. माझं शेत नाही हे मी त्यांना कितीदा सांगितलं, तरी सोयाबीनला भाव काय ते विचारतातच. इंग्रजी माझंही मोडकंच, तेव्हा हल्ली मीही काहीतरी भाव सांगून मोकळा होतो.

गेल्या रविवारी मात्र ते एकटेच होते. शाळेच्या खोलीतून निघून त्यांनी तिथे स्वतः एक घर भाड्याने घेतलं आहे. लाकडी खांबांवर उभं, जिन्यावरून चढून जायचं घर. फोन हातात धरून त्यांनी आम्हाला ते सगळं हिंडवून दाखवलं. ही चूल, हा माठ, ही खिडकी, खिडकीतून धानाचं शेत. एका कोपऱ्यात कोऱ्या चटया आणि उशा रचून ठेवल्या होत्या, एका माणसाला लागतील त्याहून कितीतरी जास्त. मग फोन चेहऱ्यासमोर घेऊन ते म्हणाले, "सुमन, आता तू ये ना. साडूभाऊले घेऊन ये. माह्या घरी राहा चांगले." मेहुणी गेल्यापासून त्यांच्या तोंडून 'माझ्या घरी' हे शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. माझी बायको पदराने डोळे पुसून एकदम व्यवहाराचं बोलली. "भाऊजी, तिथं ज्वारीचं पीठ भेटते का? का इथून दळून आनू?"

"आन," ते म्हणाले, "जरा जास्तच आन. इथं ते कोनाले माहीत नाई, साऱ्याईले खाऊ घालू."

फोन बंद झाला तरी ती तिथेच बसून राहिली. मग म्हणाली, "आता भाऊजी नाई येत परत. घर झालं त्यायचं." ज्या माणसाला कसं काढावं याचा मी वर्षानुवर्षं विचार केला, त्याला घर मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला होता. तरी संध्याकाळी देऊळगावच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो, आणि गाडीतली सगळी माणसं उतरून आपापल्या वाटेला लागेपर्यंत स्टँडच्या रस्त्याकडे बघत राहिलो.