शेजारच्या घरात शिरलेले शब्द

मास्तरांनी उभा जन्म शाळेत संस्कृत शिकवलं. धातू, प्रत्यय, शब्दांची कुळं. पोरं जांभया देत, आणि मास्तर फळ्याशीच बोलत. पुढे पुढे त्यांनाही वाटू लागलं, आपण वाळलेली लाकडं फोडतोय.

त्यांची धाकटी बहीण औषधांच्या दुकानात कामाला. पन्नाशी उलटली तरी घरात ती छोटीच. तोंडाचा पट्टा असा, की गिऱ्हाइकाचा निम्मा आजार ऐकूनच पळावा! एका सकाळी गोळ्यांचं पाकीट कापता कापता कात्री हातातून गळली, तोंड वाकडं झालं. पक्षाघात. जीव वाचला, उजवा हातही हळूहळू हलू लागला. शब्द मात्र गेले.

मास्तरांनी तिला आपल्या घरी आणलं. खिडकीत कोरफडीची कुंडी होती. तिच्याकडे बोट दाखवून ते विचारत, "हे काय?"

"औषध."

"औषध नाही गं, रोप. म्हण, रोप."

"औषध!" छोटी हट्टानं म्हणे.

मास्तर तोंड फिरवून डोळे पुसत.

एके दिवशी तरुण डॉक्टर तपासायला आले. छोटीचा चेहरा खुलला. त्यांच्याकडे बोट करून ती म्हणाली, "वेदना."

"कुठे दुखतंय?"

तिनं जोरात मान हलवली, डॉक्टरांच्या छातीवर बोट टेकवलं. "वेदना! वेदना!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मास्तर मात्र जागच्या जागी थिजले.

"डॉक्टर, ती तुम्हाला हाक मारतेय हो!" ते म्हणाले. "विद् म्हणजे जाणणं. त्यातूनच विद्या, विद्येतून वैद्य. आणि वेदनाही त्यातलीच, जी आतून जाणवते ती. आणि मी मूर्ख, त्या कुंडीवरून तिला टोकत होतो! ओषधी म्हणजे मुळात वनस्पती. तिच्यापासून होतं ते औषध."

डॉक्टर कुंडीकडे वळले. "म्हणजे शब्द हरवले नाहीत. शेजारच्या घरात शिरलेत."

मास्तर बहिणीसमोर गुडघ्यांवर बसले. "छोटे, विद्या... वेदना... आणि जाणणारा कोण?"

तिचे ओठ नुसतेच हलत राहिले. मग शब्द आला, अडखळत, "वै... वैद्य."

मास्तरांनी तिचा हात कपाळाला लावला. जे कुळ ते फळ्यावर खडूनं मांडत आले, ते या बाईच्या डोक्यात जितंजागतं नांदत होतं. एक दार बंद झालं, तर शब्द भावकीतल्या दारानं बाहेर येत होते.

मग रोज शिकवणी. प्रत्येक शब्द हाती लागलाच असं नाही. एकदा ती कुंडीला 'रोग' म्हणाली. मास्तर उत्साहानं मूळ खणायला बसले आणि हात टेकले. "रोप आणि रोग नात्यातले नाहीत गं. नुसते तोंडावळ्यानं सारखे." छोटी इतकी हसली, की त्यांनाही हसू आवरेना.

दुकानात ती परत गेली नाही. बोलणं तुटकच राहिलं. पण मास्तर आता एखादा शब्द उच्चारायचा तर आधी थबकत, देवघरात पाऊल टाकावं तसे. मग तासन्‌तास त्याची कुळकथा सांगत बसत.

एका दुपारी छोटीनं त्यांचं पुस्तक मिटवलं.

"दादा, पुरे. भूक लागली."



चारही शब्द थेट आपापल्या दारानं आले होते. मास्तर लगबगीनं ताटं घ्यायला उठले.